कांद्याच्या दोन लाटा

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



श्रावण संपत आला की दिल्लीत कांद्याच्या बैठका सुरू होतात आणि इकडे लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. महिन्याभरात कांदा इतके टक्के महागला, हा आकडा वाहिन्यांवर फिरू लागतो. मागोमाग अधिसूचना येते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं ते असंच, सणासुदीच्या तोंडावर. शेतकरी विरुद्ध ग्राहक हा वाद मला आपल्याशी घालायचा नाही. तो घालणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. मी निफाड तालुक्यातला, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, घरी कांदा आहे. माझं म्हणणं एवढंच की कांद्याच्या भावात दोन निरनिराळ्या लाटा असतात, एक हंगामाची आणि एक चक्राची. आपल्या मंत्रालयाचे निर्णय बघताना असं वाटतं की तिथे या दोन्ही एकाच वहीत, एकाच रकान्यात मांडल्या जातात. त्याची किंमत आधी शेतकरी मोजतो आणि वर्षभराने ग्राहक.

हंगाम आधी घेतो, तो सोपा आहे. आमच्याकडे कांदा वर्षातून तीनदा निघतो. पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतो. त्याच्या पाठोपाठ रांगडा, जानेवारी ते मार्च. हे दोन्ही लाल, पाणीदार. फार दिवस टिकत नाहीत, काढले की विकून मोकळं व्हावं लागतं. तिसरा उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लावायचा, मार्चअखेर ते मेपर्यंत काढायचा आणि चाळीत भरायचा. देशातल्या एकूण कांद्यापैकी साधारण दोनतृतीयांश हा उन्हाळच, आणि एप्रिलपासून पुढे जवळजवळ दिवाळीपर्यंत देश तोच खातो. कर्नाटकातला खरीप थोडा आधी येतो, पण सगळ्या देशाची गरज त्यावर भागत नाही.

मागणीलाही पंचांग आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चातुर्मासापुरता कांदा सोडणारी घरं महाराष्ट्रात अजून आहेत. श्रावणात आणि नवरात्रात उत्तरेकडची मागणी मंदावते आणि दसरा उलटला की एकदम परत येते. नेमक्या त्याच सुमाराला आमच्या चाळी तळाला लागलेल्या असतात. तेव्हा भाव मे महिन्यात दबणार, पावसाळ्यात उठणार, दिवाळीच्या आगेमागे चढलेला राहणार आणि लाल कांद्याच्या ट्रॉल्या लागल्या की उतरणार, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

पण ही चढण मुळात का असते, ते मात्र चाळीत शिरल्याशिवाय कळत नाही. जमिनीपासून हातभर उचललेला तळ, बाजूंना बांबू किंवा लाकडी पट्ट्या, फटीफटीतून वारा खेळता राहील अशी रचना. मेमध्ये खणखणीत वाळवून भरलेला कांदा पावसाळी दमट हवेत काजळी धरतो. खालचा थर वजनाने दबून सडायला लागतो, वास सुटला की बायामाणसं लावून निवडून काढावा लागतो. पुढे कोंब फुटतात. जो कांदा सडत नाही आणि कोंबतही नाही तोसुद्धा आतल्या आत सुकून हलका होतो. चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के घट येणार, असं धरूनच आमचे लोक हिशेब करतात.

तो हिशेब आपणही करून बघा. मेमध्ये १०० क्विंटल कांदा १,००० रुपयांनी विकला असता तर एक लाख रुपये आले असते. चाळीत भरला आणि ३० टक्के घट आली, तर सप्टेंबरात ७० क्विंटल उरतो. तेच एक लाख हातात यायला भाव १,४३० लागतो. घट ४० टक्क्यांवर गेली तर सुमारे १,६७० लागतो. यात सोसायटीच्या कर्जाचं व्याज धरलेलं नाही, निवडणीची मजुरी नाही, चाळीची डागडुजी नाही. म्हणजे भाव ४३ टक्क्यांनी वाढला तरी शेतकरी मेमध्ये होता तिथेच उभा आहे, आणि तीच ४३ टक्के वाढ टीव्हीवर ‘भडका’ म्हणून दिसते आहे. ही साठवणुकीची मजुरी आहे. ती मिळणार नाही असं एकदा लोकांच्या मनात बसलं की चाळ कोण भरेल? सगळा माल मेमध्येच आवारात ओतला जाईल आणि सप्टेंबरात दिल्लीच्या ग्राहकाला कांदा कोणत्याच भावाने मिळणार नाही.

आता दुसरी लाट. डिसेंबर २०१८ आठवा. आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले होते. किलोला एक रुपया चाळीस पैसे पडले होते. बारा महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, लासलगावात क्विंटलला सात हजारांच्या पुढे भाव निघाले आणि शहरांत किलोने शंभरी ओलांडली. महिना तोच, पिकांचा क्रम तोच, पंचांगही तेच. म्हणजे या दोन डिसेंबरांमधला फरक हंगामाने केलेला नाही.

मग कोणी केला? २०१८ मध्ये उन्हाळ कांदा अमाप झाला होता. पावसाळ्यात भाव उठेल या नेहमीच्या हिशेबाने लोकांनी चाळी भरल्या. भाव उठलाच नाही. वाट बघता बघता लाल कांदा आला आणि चाळीतला जुना माल मातीमोल झाला. हंगामाची चढण त्या वर्षीही होती, पण चक्राची घसरण तिच्यापेक्षा मोठी असल्याने ती दिसलीच नाही. हात पोळलेल्यांनी पुढची लागवड आखडती घेतली. त्यात दुष्काळ, ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते. २०१९ चा उन्हाळ कांदा त्यामुळे कमी निघाला. वर सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पावसाने पोळ कांदा वावरातच सडवला. म्हणजे त्या डिसेंबरच्या भावात तीन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या. हंगामाची नेहमीची चढण, आधीच्या मंदीतून आलेली टंचाई, आणि पाऊस, ज्याला हंगामही म्हणता येत नाही आणि चक्रही. आमच्या पाठ्यपुस्तकात कालश्रेणीच्या या तिसऱ्या घटकाला अनियमित चलन म्हणतात.

भाव पडला की लागवड घटते, लागवड घटली की पुढचा भाव चढतो, चढलेला भाव बघून सगळे एकदम उळं टाकतात आणि पुन्हा भाव पडतो. हे काही कांद्याचंच वैशिष्ट्य नाही. १९२८ साली जर्मनीत आर्थर हानाऊ यांनी डुकरांच्या भावात हेच दाखवलं होतं आणि पुढच्या दहा वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी त्याला कॉबवेब, म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचं नाव देऊन सिद्धान्त उभा केला. मर्म एवढंच की पेरणारा आजच्या भावावर पेरतो आणि विकतो मात्र उद्याच्या भावाने. आमच्याकडे बियाण्याची गाठ आणखी आहे. कांद्याचं बी डोंगळ्यापासून धरायचं म्हणजे वर्ष जातं, त्यामुळे तेजीत बियाणं सोन्याच्या भावाने घ्यावं लागतं आणि मंदीत डोंगळे कोणी लावत नाही.

मात्र हंगाम जसा दर बारा महिन्यांनी हजर होतो तसं चक्राचं नाही. कधी दोन वर्षांत फिरतं, कधी चार. २०१०, २०१३, २०१५, २०१९ अशी तेजीची सालं मांडली तर मधली अंतरं सारखी येत नाहीत. म्हणून ‘कांदा दर तीन वर्षांनी रडवतो’ असं ठामपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मॉस्कोच्या यूजीन स्लुट्स्की यांनी १९२७ मध्ये सरकारी सोडतीचे आकडे घेतले, त्यांच्या सरकत्या बेरजा केल्या, आणि व्यापारचक्रासारख्या दिसणाऱ्या लाटा निव्वळ योगायोगाच्या आकड्यांतून काढून दाखवल्या. आलेखावर लाट दिसली म्हणजे तिची पुढची तारीखही कळली, असं होत नाही. (हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि दर वर्षी परीक्षेत मुलं चक्राचा कालावधी काढून दाखवतात.)

दोन्ही वेगळ्या कशा करायच्या? त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळीत वर्षं, उभ्या रकान्यात महिने, आणि प्रत्येक चौकोनात लासलगावचा त्या महिन्याचा सरासरी भाव, निदान पंधरा वर्षांचा. आता लागोपाठच्या बारा महिन्यांची सरासरी काढत एकेक महिना पुढे सरका. बारा महिन्यांत प्रत्येक महिना एकदाच येत असल्याने या सरकत्या सरासरीतून हंगाम गळून जातो. जी वरखाली होणारी रेघ उरते ती चक्राची आणि दीर्घकालीन वाढीची. मूळ भावाला या रेघेने भागलं की प्रत्येक महिन्याचं गुणोत्तर मिळतं. सगळ्या वर्षांच्या सप्टेंबरांची गुणोत्तरं चढत्या क्रमाने लावा आणि त्यांतलं मधलं घ्या. सरासरी घेऊ नका, नाहीतर २०१९ सारखं एखादं वर्ष सगळा रकाना नासवतं. हिशेब रुपयांत न करता गुणोत्तरात करायचा, कारण हजाराच्या वर्षात हंगामाची चढण चारशेची असते आणि तीन हजारांच्या वर्षात बाराशेची.

समजा सप्टेंबरचं गुणोत्तर १.३ आलं आणि यंदा सप्टेंबरात भाव २,६०० आहे. भागाकार केला की २,००० उरतात. आपल्या बैठकीत चर्चा या दोन हजारांवर व्हायला हवी. उरलेले सहाशे पंचांगाचे आहेत. ते येतात आणि लाल कांद्याबरोबर जातात. ‘महिन्याभरात इतके टक्के वाढ’ या आकड्यात सगळा हंगाम भरलेला असतो. ‘गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के’ या आकड्यातून हंगाम बराचसा निघून जातो, पण गेलं वर्ष मंदीचं असलं तर साधा भावही तेजीसारखा दिसतो.

‘बराचसा’ म्हणालो, कारण आपले सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरात दिवाळीची खरेदीही होती आणि बाजार समित्यांची दिवाळीची सुट्टीही; २०२३ च्या ऑक्टोबरात मात्र पंधरा तारखेपासून नवरात्र होतं. या दोन ऑक्टोबरांची तुलना करणं म्हणजे एका वर्षीचा फराळ आणि दुसऱ्या वर्षीचा उपास एका तागडीत घालणं. ईस्टर आणि चिनी नववर्ष यांच्यासाठी जगभरच्या सांख्यिकी संस्था अशी दुरुस्ती नियमाने करतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँक निवडक मालिकांचे हंगामी घटक आपल्या बुलेटिनमध्ये देत आली आहे. तेव्हा हे ज्ञान देशात नाही असं नाही. कांद्याच्या फायलीपर्यंत ते पोचत नाही, असं निर्णयांवरून वाटतं.

आता त्या निर्णयांकडे बघू. २९ सप्टेंबर २०१९ ची निर्यातबंदी मी समजू शकतो. तेव्हा खरी टंचाई होती. पण ती भागवायला सरकारने मागवलेला तुर्कस्तान-इजिप्तचा कांदा बंदरात उतरेपर्यंत देशातला माल येऊ लागला होता आणि बहुतेक राज्यांनी तो उचलायला नकार दिला. निर्यात खुली झाली १५ मार्च २०२० ला, उन्हाळ कांद्याच्या तोंडावर. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी मला अजिबात समजत नाही. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढतच असते, भाव आपोआप उतरणीला लागणारच असतो. त्या उतरणीवर बंदी आली. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडला, लिलाव बंद पडले आणि महिना संपायच्या आत भाव निम्म्याच्या आसपास आले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. मधल्या काळात उन्हाळ कांदा काढून झाला होता.

उत्पादनाचे आकडे आपल्याच सरकारचे आहेत. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा झाला, २०२३-२४ मध्ये तो २४२ लाख टनांच्या आसपास घसरला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा ३०७ लाख टनांवर गेला. २०२३-२४ च्या घसरणीत पावसाच्या तुटीचा वाटा मोठा होता, ते मी नाकारत नाही. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाचशे किलोंहून जास्त कांदा विकून, खर्च वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश मिळाला होता. असं दृश्य राज्यभर गाजल्यावर लागवड वाढेल असं कोण म्हणेल? तेजीच्या वर्षी हंगामी चढण कापली की शेतकऱ्याला मंदीचं वर्ष सोसायला लागणारी शिल्लक राहत नाही. शिल्लक नसली की मंदीत तो अधिक घाबरून लागवड तोडतो. चक्र अशाने आणखी खोल होतं.

उलटी चूकही झाली. १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्ण हटलं, त्याबद्दल आभार. त्या वर्षी पीक उदंड होतं. पावसाळा आला तरी भाव २०१८ सारखेच दबलेले राहिले. तरी ४ सप्टेंबर २०२५ ला राखीव साठ्यातला कांदा दिल्ली, मुंबई, अहमदाबादला किलोला २४ रुपयांनी विक्रीला निघाला, त्या वेळी नाशिकच्या बाजारांत उत्पादनखर्चही निघत नसल्याची ओरड चालू होती. सप्टेंबर आला म्हणून साठा बाहेर काढला, असंच दिसलं. राखीव साठा हे हंगामासाठीचं उत्तम साधन आहे. मेमध्ये घ्यावा, टंचाईच्या महिन्यांत सोडावा. पण चक्र तळाला असताना तो सोडणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर पाय. अशा वर्षी तो प्रक्रियेला द्या, परदेशी पाठवा, नाहीतर थांबा.

माझ्या पद्धतीतली अडचणही सांगायला हवी, नाहीतर आपले अधिकारी सांगतीलच. सरकत्या सरासरीची मधली रेघ काढायला पुढचे सहा महिने लागतात. आज चक्र नेमकं कुठे आहे ते भावावरून पक्कं कळत नाही. जे कळतं ते उशिरा. शिवाय हंगामी गुणोत्तरही कायमचं नसतं. चाळी वाढल्या, साठवण सुधारली की सप्टेंबरची चढण सपाट होते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ विकिरण केंद्र २००२ पासून आहे, तिथे कांद्याचं कोंबणं थांबवता येतं. तसला कांदा शीतगृहांत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला तर माझा कागद पुन्हा मांडावा लागेल. म्हणून चक्र भावात शोधत बसण्यापेक्षा ते जिथे तयार होतं तिथे बघावं. बियाण्याची विक्री, रोपवाटिका आणि डिसेंबर-जानेवारीतली लागवड. उन्हाळ कांदा किती येणार हे जानेवारीअखेर वावरात दिसतं. आपल्याला ते ऑगस्टमध्ये किरकोळ भावातून कळतं, तोवर सात महिने गेलेले असतात.

तेव्हा मागणी अशी. कांद्यावर निर्यातशुल्क, किमान निर्यात किंमत, बंदी किंवा साठामर्यादा, यांपैकी काहीही लावण्याआधी जी टिपणी आपल्यासमोर येते तिच्यात तीन आकडे वेगळे लिहिलेले असावेत. या महिन्याचा हंगामी वाटा किती, सणांच्या तारखा धरून. तो वजा केल्यावर भाव गेल्या काही वर्षांच्या तुलनेत कुठे आहे. आणि अवकाळीसारख्या एकवेळच्या कारणाने किती वाढ झाली. ती टिपणी अधिसूचनेबरोबरच जाहीर व्हावी. पहिलाच आकडा मोठा असेल तर काही करू नये. आणि डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ लागवडीचे आकडे दर पंधरवड्याला, जिल्हावार, मराठीत आणि कन्नडमध्येही प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात किती लागलाय हे रोप उपटण्याआधी आमच्या लोकांना कळेल.

पंधरा वर्षांचा तक्ता मी आणि माझे विद्यार्थी लावून ठेवतो आहोत. आपल्या कार्यालयाने मागितला तर गुणोत्तरांसह पाठवून देऊ. चुका सापडल्या तर कळवाव्यात, दुरुस्त करू.



आपला,
निफाड तालुक्यातला एक संख्याशास्त्राचा शिक्षक